बँडसॉ बॉक्सचा धंदा: मशीन घेण्याआधी मिनिटं मोजा



लाकडाचा एक ठोकळा, बँडसॉवर चार-पाच वळणं, आणि त्याच ठोकळ्यातून ड्रॉवरचा सुंदर बॉक्स तयार! असे व्हिडिओ तुम्ही पाहिले असणारच. ते पाहून बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो, "सर, मशीन कोणतं घेऊ?"

मशीनकडे आपण येणारच आहोत. पण आज आधी बॉक्स कसा बनतो ते एकेक पायरी करत समजून घेऊ आणि प्रत्येक पायरीला किती मिनिटं जातात ते मांडू. या धंद्यात नफा ठरतो तो मिनिटांवर. लाकडाचा भाव आणि मशीनची कंपनी हे त्यानंतरचे विषय. वही-पेन घेऊन बसा. शेवटी आकडेमोड आहे.

हा बॉक्स वेगळा का दिसतो?

आपला नेहमीचा लाकडी डबा सुतार फळ्या जोडून बनवतो. चार बाजू, तळ, झाकण, कोपऱ्यात सांधे. बँडसॉ बॉक्समध्ये फळ्या नसतातच. एकच ठोकळा आतून कापून काढायचा, नको तो भाग बाजूला करायचा आणि बाकीचे भाग पुन्हा चिकटवायचे. त्यामुळे ड्रॉवरच्या तोंडावरचे रेषे आणि बाहेरच्या चौकटीचे रेषे एकमेकांत सलग जातात. ड्रॉवर बंद केला की तो कुठे संपतो ते पटकन कळत नाही. गिऱ्हाईक पैसे देतं ते या गोष्टीचे.

आणखी एक फायदा म्हणजे आकाराचं बंधन नाही. पान, मासा, नदीसारखी नागमोडी रेघ, काहीही काढा. सांधे नसल्यामुळे काटकोनाची भानगड कमी. म्हणूनच सुतारकामात नवीन असलेल्या माणसालाही हे जमतं.

मशीन काय करतं, आणि पट्टी का महत्त्वाची?

बँडसॉ म्हणजे पट्टी करवत. वर एक चाक, खाली एक चाक, दोघांवर ताणून बसवलेली दातेरी पोलादी पट्टी. पट्टी सतत खालच्या दिशेने फिरते, त्यामुळे लाकूड टेबलावर दाबलेलं राहतं. तरीही हाताने धरून पुढे ढकलावं लागतंच.

मशीन बघताना दोन आकडे विचारा. पहिला, पट्टीखाली किती उंचीचं लाकूड बसतं. टेबलावर ठेवायच्या छोट्या मशीनमध्ये साधारण ३ ते ४ इंच बसतं, १४ इंची मशीनमध्ये साधारण ६ इंच. बॉक्स जितका खोल, तितकी ही उंची लागते, कारण ड्रॉवर कापताना ठोकळा पाठीवर आडवा ठेवलेला असतो. दुसरा आकडा म्हणजे सगळ्यात अरुंद पट्टी कोणती चालते.

पट्टीच्या रुंदीवर वळण ठरतं. अंदाज असा:

- ३/१६ इंची पट्टी: सुमारे ८ मिमी त्रिज्येचं वळण घेते
- १/४ इंची (दोन सूत): सुमारे १६ मिमी
- ३/८ इंची (तीन सूत): सुमारे ३७ मिमी
- १/२ इंची (चार सूत): सुमारे ६४ मिमी

यापेक्षा लहान वळण घ्यायला गेलात तर पट्टी पिळते, तापते, लाकूड करपतं, आणि शेवटी पट्टी तुटते. सुरुवातीला इंचाला ६ दाते असलेली १/४ इंची पट्टी घ्या. लहान बॉक्सची सगळी कामं तिच्यावर होतात. सरळ चकत्या कापायला रुंद पट्टी बरी, हे खरं. पण सारखी पट्टी बदलण्यातही वेळ जातोच.

लाकूड: सुकलेलं, आणि बिलासकट

सागवान, आंबा, बाभूळ, शिसव ही आपल्याकडे मिळणारी लाकडं चालतात. सरावासाठी पाईन किंवा आंबा घ्या. जाड ठोकळा एकसंध सुकायला फार वेळ लागतो, म्हणून एक-दीड इंची सुकलेल्या फळ्या एकावर एक चिकटवून ठोकळा करणं जास्त शहाणपणाचं. त्यात मधे वेगळ्या रंगाची फळी घातली की डिझाइनही आपोआप मिळतं.

ओलावा मोजायचं छोटं मीटर मिळतं, ते आधी घ्या. १२ टक्क्यांच्या आसपास आकडा आला की काम सुरू करा. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात हवेतच इतका दमटपणा असतो की उन्हाळ्यात सरसर सरकणारा ड्रॉवर जुलैमध्ये अडकतो. लाकूड रेषांच्या लांबीत जवळजवळ फुगत नाही, आडव्या बाजूला फुगतं. म्हणून रेषे आडवे असतील तर ड्रॉवरला वर-खाली थोडी जास्त मोकळीक ठेवा आणि बाहेरून पॉलिश कराल तसं आतूनही करा. एकाच बाजूला पॉलिश केलेलं लाकूड वाकतं.

वखारीतून माल घेताना बिल घ्या आणि फाइलला लावा. पुढे वनखात्याचा विषय येतोय, तिथे हे बिल कामाला येईल. शिसम-शिसवच्या वस्तू परदेशी पाठवायचा विचार असेल तर आणखी एक गोष्ट माहीत हवी. ही सगळी जात २०१७ पासून 'साइटिस' या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, त्यामुळे निर्यातीला वेगळी कागदपत्रं लागू शकतात. आंबा किंवा बाभळीला ही कटकट नाही.

बॉक्स बनवायच्या पायऱ्या

उदाहरणाला ६ इंच रुंद, ४ इंच उंच, ४ इंच खोल असा एका ड्रॉवरचा बॉक्स घेऊ.

१. ठोकळा रंधून चौकोनी करा. तळ आणि पाठ एकमेकांशी काटकोनात आहेत का, ते गुण्या लावून बघा. इथे फरक राहिला तर तो शेवटपर्यंत पाठ सोडत नाही.

२. नक्षा कागदावर छापून समोरच्या बाजूला चिकटवा. एकच डिझाइन पुन्हा पुन्हा करायचं असेल तर प्लायचा साचा करून पेन्सिलीने उतरवा.

३. बाहेरचा आकार कापा. निघालेले तुकडे टाकू नका. चिकटवताना वाकड्या आकाराला क्लॅम्प नीट बसत नाही, तेव्हा हेच तुकडे आधाराला लागतात.

४. बॉक्स तळावर उभा करून पाठीमागची दोन सूत जाडीची चकती कापा. ही झाली बॉक्सची पाठ. तिच्यावर खूण करून ठेवा.

५. आता ठोकळा पाठीवर आडवा ठेवून ड्रॉवरचा आकार कापा. पट्टी बाहेरून आत जाते, त्यामुळे चौकटीला एक चीर पडते. ही चीर तळाकडून घ्या, म्हणजे दिसत नाही.

६. बाहेर आलेला ड्रॉवरचा ठोकळा तळावर उभा करा. पुढून आणि मागून दोन-दोन सूत जाडीच्या चकत्या कापा. पुढची चकती म्हणजे ड्रॉवरचं तोंड.

७. मधल्या भागातून आतला गाभा काढून टाका. आता यू आकाराचा तुकडा उरेल.

८. यू आकाराला पुढची-मागची चकती चिकटवा, चौकटीची चीर दाबून चिकटवा, मग पाठ चिकटवा. फेविकॉलसारखा लाकडाचा साधा सरस पुरतो, पण क्लॅम्प रात्रभर राहू द्या.

९. घासणं, मूठ, अस्तर, पॉलिश.

दोन बारकावे लक्षात ठेवा. पट्टीची चीर साधारण १ मिमी असते. चौकटीची चीर दाबून बंद केली की आतली जागा तेवढीच अरुंद होते, म्हणजे ड्रॉवरच्या दोन्ही बाजूंची मिळून २ मिमीची मोकळीक १ मिमीवर येते. ड्रॉवर घट्ट वाटला तर चिरेत पातळ व्हेनिअरची पट्टी भरा. दुसरं, ड्रॉवरच्या पुढच्या-मागच्या चकत्या कापताना दोन चिरा गेल्या, म्हणून जोडलेला ड्रॉवर सुमारे २ मिमी आत बसतो. आत पाठीला जाड फेल्टचा तुकडा लावा, तोंड बरोबर पातळीत येतं आणि बंद होताना आवाजही होत नाही.

बोटं शाबूत तर धंदा शाबूत

हा भाग वाचल्याशिवाय मशीनचं बटण दाबू नका.

- वरचा गाइड लाकडाच्या वर साधारण दोन सूत ठेवा. पट्टी जितकी उघडी, तितका धोका.
- बोटं कधीही पट्टीच्या सरळ रेषेत नकोत. शेवटचा इंचभर भाग लाकडाच्या काठीने ढकला.
- गोल किंवा तळाला सपाट नसलेला तुकडा हातात धरून कापू नका. पट्टी त्याला गरकन फिरवते आणि हात आत ओढला जातो. सपाट तळ नसेल तर आधाराचा तुकडा लावा.
- लांब वळणात अडकलात तर चालू मशीनवर लाकूड मागे ओढू नका, पट्टी चाकावरून निसटते. आधी मशीन बंद, पट्टी पूर्ण थांबू द्या, मग मागे घ्या.
- हातमोजे, ओढणी, लांब बाह्या, गळ्यातली साखळी, हातातलं कडं काहीही नको. केस बांधलेले हवेत.
- एन-९५ मास्क वापरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाचा भुसा माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलाय. सागवान आणि शिसवाच्या भुशाने काहींना दमा आणि खाजही होते.
- जवसाचं तेल पॉलिशला वापरलं तर त्याची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. मोकळी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

आता वही उघडा: मिनिटांचा हिशेब

एकावेळी १० बॉक्सची बॅच घेतली, हात थोडा बसला, तर एका बॉक्सला लागणारा वेळ साधारण असा धरा. क्लॅम्पमध्ये सुकण्याचा वेळ यात नाही, फक्त तुमचे हात चालू असतात तेवढाच वेळ आहे.

- ठोकळा तयार करणं: १५ मिनिटं
- नक्षा उतरवणं: ५
- बँडसॉवर कापणं: २०
- चिकटवणं आणि क्लॅम्प: १५
- घासणं: ६०
- मूठ आणि अस्तर: १५
- पॉलिशचे तीन हात: २०
- तपासणी आणि पॅकिंग: १०

एकूण १६० मिनिटं. यात ज्या मशीनसाठी आपण एवढे उतावीळ झालोय, तिचं काम फक्त २० मिनिटांचं. म्हणजे आठवा हिस्सा. एकटं घासणंच त्याच्या तिप्पट आहे! व्हिडिओत घासणं दहा सेकंदांत उरकतं, कारण ते बघायला कोणाला आवडत नाही.

आता रुपये. खालचे भाव उदाहरणाचे आहेत, तिथे तुमच्या गावचे भाव घाला.

लाकूड: बॉक्सचं माप ६ × ४ × ४ म्हणजे ९६ घन इंच. वाया जाणारं धरून १४४ घन इंच घ्या. एका घनफुटात १,७२८ घन इंच असतात, म्हणजे एका घनफुटात बरोबर १२ बॉक्स. आंबा समजा ९०० रुपये घनफूट, तर बॉक्सला ७५ रुपये. सागवान समजा ३,००० रुपये, तर २५० रुपये.

मजुरी: तासाला १०० रुपये धरा, स्वतः काम करत असाल तरी धरा. १६० मिनिटांचे २६७ रुपये.

बाकी माल: पॉलिश पेपर २५, सरस-पॉलिश ३०, मूठ-अस्तर ३०, पॅकिंग ३५, पट्टीची झीज १५. एकूण १३५ रुपये.

भाडं, वीज, घसारा: समजा महिन्याला ६,००० रुपये. महिन्याला २० दिवस, रोज ८ तास म्हणजे १६० तास. तेवढ्यात ६० बॉक्स होतात, म्हणून बॉक्समागे १०० रुपये.

आंब्याचा बॉक्स पडला ५७७ रुपयांना, सागवानाचा ७५२ ला. दहातला एक खराब निघतो असं धरलं तर हे आकडे ६४१ आणि ८३६ वर जातात.

आता त्यावर तुमचा नफा समजा १५० रुपये. शिवाय दुकानदार ३० टक्के कमिशन घेणार. आंब्याच्या बॉक्सला ६४१ अधिक १५० म्हणजे ७९१ रुपये हातात यायला हवेत, तर छापील किंमत १,१३० रुपये हवी. सागवानाची सुमारे १,४१०. "मी थेट विकतो, मला कमिशन कुठे?" म्हणून ८०० ला विकू नका. उद्या दुकानदार मिळाला की त्याच्यासमोर तुमचाच जुना भाव उभा राहतो.

घासाघीस वखारीत नको, घासकामात करा

बघा, वखारवाल्याशी तासभर वाद घालून आंबा घनफुटाला १०० रुपयांनी कमी केलात, तर बॉक्समागे वाचले ८ रुपये. घासण्याचा वेळ ६० वरून ३५ मिनिटांवर आणलात, तर बॉक्समागे वाचले ४२ रुपये, आणि महिन्याला ६० ऐवजी ७१ बॉक्स निघतील. भाडं तेच, वीज जवळपास तीच, माणूसही तोच.

माझं स्वतःचं गिफ्टचं दुकान आहे. काउंटरवर उभं राहून एक गोष्ट रोज दिसते. गिऱ्हाईक बॉक्स हातात घेतं, ड्रॉवर ओढतं आणि आत बोट फिरवतं. मग बंद करून पुन्हा उघडतं. किंमत त्यानंतर विचारतं. म्हणजे घासकाम टाळता येत नाही, पण कुठे करायचं ते ठरवता येतं:

- चौकटीच्या आतला भाग पुढचा अर्धा इंच सोडला तर दिसत नाही. तिथे ड्रॉवर सरकण्यापुरतंच घासा.
- ड्रॉवरच्या आत मखमल किंवा फेल्ट लावणार असाल तर तिथे बारीक पॉलिश पेपर कशाला? ८० नंबरवर थांबा.
- आतल्या वळणाची त्रिज्या तुमच्या ड्रमच्या मापाची ठेवा. ड्रिल मशीनला लागणारा दीड इंची ड्रम असेल तर वळण २० मिमी त्रिज्येचं काढा. ड्रम फिरला की काम झालं, हाताने कोपरे घासायला नकोत.
- पट्टी बोथट होताच बदला. बोथट पट्टी लाकडावर जाड ओरखडे पाडते आणि ते काढायला प्रत्येक बॉक्सला दहा-पंधरा मिनिटं जातात. जुनी पट्टी 'अजून चालते' म्हणून वापरणं ही सगळ्यात महाग काटकसर.
- नंबर वगळू नका. ८०, १२०, १८०, २२० असं क्रमाने जा. ८० वरून थेट २२० वर उडी मारली तर ओरखडे पॉलिशखाली उठून दिसतात आणि सगळं पुन्हा करावं लागतं.
- डिझाइन तीनच ठेवा. दहा डिझाइन म्हणजे दहा साचे, दहा वेगळी मापं, आणि कशातच हात बसत नाही.

वनखात्याचा प्रश्न आधी सोडवा

हा मुद्दा मशीन विकणारा सांगत नाही, म्हणून मी सांगतोय. आपल्या देशात लाकूड कापण्याच्या मशीनवर कायद्याची नजर असते. गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी दिलेल्या आदेशापासून आरागिरण्यांवर कडक बंधनं आली. पुढे २०१६ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने लाकडावर आधारित उद्योगांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या नियमांत बँडसॉ हे यंत्र नाव घेऊन येतं.

त्यामुळे "माझं मशीन छोटं आहे, मला कोण विचारतंय" असं गृहीत धरू नका. मशीनचा आगाऊ पैसा देण्याआधी तुमच्या भागातल्या वनपरिक्षेत्र अधिकारी किंवा उपवनसंरक्षक कार्यालयात लेखी अर्ज द्या. अर्जात चाकाचं माप, मोटरची ताकद आणि 'वखारीतून बिलासह घेतलेल्या कापीव लाकडावर काम करणार, गोल ओंडके कापणार नाही' हे स्पष्ट लिहा. अर्जाची पोच घ्या, उत्तरही लेखीच घ्या. कर्ज काढून आणलेल्या मशीनला सील लागलं तर हप्ता काही थांबत नाही.

मग सुरुवात कशी करायची? जॉबवर्कवर!

आता वरचा हिशेब इथे लावा. कापणं हा आठवा हिस्सा आहे. तो परवाना असलेल्या दुसऱ्या कारखान्यात करून घेतला तर? फर्निचरचे वळणदार पाय कापणारे कारखाने आणि फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न बनवणारे कारागीर यांच्याकडे बँडसॉ असतो. कोल्हापूरसारख्या फाउंड्रीच्या गावात पॅटर्नमेकर शोधायला लांब जावं लागत नाही. अरुंद पट्टीवर वळण घेणं हे त्यांचं रोजचं काम. तुम्ही ठोकळे तयार करून, नक्षा उतरवून आठवड्यातून एकदा घेऊन जा.

समजा ते बॉक्समागे ६० रुपये घेतात. स्वतः कापलं तर २० मिनिटांची मजुरी ३३ रुपये आणि पट्टीची झीज १५ रुपये, म्हणजे ४८ रुपये. स्वतःच्या मशीनने बॉक्समागे वाचतात फक्त १२ रुपये. मशीन, जादा पट्ट्या आणि भुसा ओढणारं यंत्र मिळून समजा ६०,००० रुपये गेले, तर ते वसूल व्हायला ५,००० बॉक्स लागतील. महिन्याला ६० च्या हिशेबाने जवळजवळ सात वर्षं!

याचा अर्थ मशीन कधीच घेऊ नये असा नाही. जाण्या-येण्यात वेळ जातो, दुसऱ्याच्या सवडीने चालावं लागतं, नवीन डिझाइनचे प्रयोग करता येत नाहीत. महिन्याला दीड-दोनशे बॉक्सची मागणी आली की स्वतःचं मशीन हवंच. पण ते पैसे वाचतील म्हणून नव्हे, कामाचा ताबा आपल्या हातात राहावा म्हणून. पहिला पैसा चांगले क्लॅम्प, ड्रिल मशीन, ड्रम, ऑर्बिटल सँडर आणि ओलावा मीटर यांत घाला. १६० मधली जास्त मिनिटं तिथेच आहेत.

पारंपरिक सुतारकाम करणाऱ्यांनी पीएम विश्वकर्मा योजना जरूर बघावी. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या या योजनेत १८ व्यवसाय आहेत आणि त्यात सुतार आहेत. टूलकिटसाठी १५,००० रुपये आणि पहिल्या टप्प्यात १ लाख, दुसऱ्यात २ लाखांपर्यंत ५ टक्के व्याजाने कर्ज अशी तिची रचना आहे. उद्यम नोंदणी तर सगळ्यांनीच करा. ती ऑनलाइन आणि फुकट आहे, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका.

रिकामा बॉक्स विकू नका

सावंतवाडीचा गंजिफा तुम्हाला माहीत असेल. गोल, हाताने रंगवलेले पत्ते. दशावतारी गंजिफात १२० पत्ते असतात आणि ते ठेवायला तसाच रंगवलेला लाकडी डबा. डब्यामुळे पत्त्यांचा मान वाढतो, पत्त्यांमुळे डब्याला काम मिळतं. सजावटीच्या बॉक्सचा धंदा असाच करायचा असतो.

नुसता बॉक्स घेणारा माणूस विचारतो, "यात ठेवू काय?" आत काहीतरी असलं की हा प्रश्नच येत नाही. सराफाकडे जा, साखरपुड्याच्या अंगठीसाठी छोटा बॉक्स दाखवा. अत्तरवाले, घड्याळवाले, सुक्या मेव्याचे व्यापारी, दिवाळीत ग्राहकांना भेट देणाऱ्या कंपन्या, हे तुमचे ग्राहक. इथे एकदम २०-२५ नगांची ऑर्डर येते, म्हणजे तुमची बॅच आपोआप भरते. हळदीकुंकवाच्या वाणासाठी किंवा स्वस्त रिटर्न गिफ्टसाठी हा माल नाही. तिथे भाव पाडून शिरलात तर १६० मिनिटांची मजुरी तुमच्याच खिशातून जाईल.

या महिन्यात करायचं काम

एक घनफूट आंबा घ्या, बिलासकट. त्यातून एकाच डिझाइनचे १० ठोकळे तयार करा आणि जॉबवर्कवर कापून आणा. पुढचं सगळं स्वतः करा. प्रत्येक पायरीला मोबाइलवर वेळ लावा आणि वहीत लिहा. माझी ६० मिनिटं लिहू नका, तुमची लिहा. कदाचित ९० येतील, कदाचित ४५.

मग ते १० बॉक्स हिशेबातून आलेल्या किमतीला विकायला ठेवा. नातेवाइकांना नको, अनोळखी गिऱ्हाइकाला. विकले गेले, तर मशीनचा विचार करायला तुमच्याकडे वहीतले आकडे असतील. नाही गेले, तर १० बॉक्सचा खर्च हा साठ हजारांच्या मशीनपेक्षा फार स्वस्त धडा आहे, आणि बॉक्स घरातल्या लग्नाकार्यात आहेराला उपयोगी पडतीलच.

कापण्याच्या सगळ्या पायऱ्या व्हिडिओत दाखवल्या आहेत, हा लेख शेजारी उघडा ठेवून बघा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत मिनिटं मोजत राहा, आणि बोटं सांभाळा!